लिनिअरच्या आधी: खेड्यातल्या बिटएक्स ४० सेटची दुरुस्ती आणि निगा

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: ‘माझ्याकडे सुरुवातीच्या बोर्डांपैकी बिटएक्स ४० आहे (७ मेगाहर्ट्झवर बोलायचा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा सेट), साध्या व्हीएफओचा (फ्रिक्वेन्सी ठरवणारं कॉइल-कॅपॅसिटरचं सर्किट). दुपारी बोलता बोलता फ्रिक्वेन्सी सरकते आणि नेटवरचे (ठरलेल्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर जमणारे) लोक पुन्हा ट्यून करायला सांगतात. संध्याकाळी रिसीव्हरमध्ये इतकी घरघर आणि टकटक असते की पुण्याचं स्टेशन कळत नाही. ५० वॉटचा लिनिअर (पॉवर वाढवणारा अॅम्प्लिफायर) बसवला तर फरक पडेल का? आणि पावसाळ्यात सेट कसा जपायचा?’

सर, लिनिअर आत्ता घेऊ नका. हे मी तुमचे पैसे वाचावेत एवढ्यासाठी म्हणत नाही. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही तक्रारी लिनिअरने जाणार नाहीत म्हणून म्हणतो. तुमच्या सेटमधून साधारण ६ वॉट निघतात. त्याचे ५० केले म्हणजे ९ डेसिबल वाढले. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवरचं एक घर ६ डेसिबलचं धरतात, म्हणजे समोरच्याला तुम्ही दीड घर जास्त दिसाल. पुण्याचा माणूस तुम्हाला ऐकू येत नाही, हा तर तुमच्या कानाचा प्रश्न आहे आणि तिथे तुमची पॉवर काहीच करत नाही. संध्याकाळचा गोंगाट तीन घरांनी खाली आणला तर १८ डेसिबल मिळतात, तेही शे-दोनशे रुपयांत. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी गोंगाट, मग अँटेना, मग सप्लाय, मग फ्रिक्वेन्सी, आणि पॉवर सगळ्यांत शेवटी.

गोंगाटापासून सुरू करू. पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. पूर्ण चार्ज करून ती सेटला जोडा. ऐकताना हा सेट पाव अँपिअरसुद्धा घेत नाही, बोलताना सव्वा-दीड अँपिअर घेतो, तेव्हा एक संध्याकाळ आरामात निघते. संध्याकाळी सात वाजता, गोंगाट भरात असताना, घराचा मेन स्विच बंद करा आणि ऐका. घरघर एकदम खाली गेली तर चोर तुमच्याच घरात आहे. मग मेन चालू करून एकेक वस्तू लावत जा. बहुतेक वेळा स्वस्त एलईडी बल्बचा ड्रायव्हर, मोबाईलचा चार्जर किंवा छतावरच्या सोलर पॅनलचा चार्ज कंट्रोलर सापडतो. बल्ब बदलता येतो. कंट्रोलर बदलणं महाग पडतं, म्हणून त्याच्या पॅनलकडच्या आणि बॅटरीकडच्या दोन्ही वायरी फेराइटच्या कड्यातून ओढून घ्या. एक गोष्ट पुष्कळ जण चुकतात. जुन्या मॉनिटरच्या केबलवरचं फेराइट वायरीवर नुसतं अडकवलं तर ७ मेगाहर्ट्झला त्याचा जवळजवळ उपयोग होत नाही. त्याच कड्यातून वायरीचे आठ-दहा वेढे काढा. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे दुप्पट वेढ्यांना चौपट फायदा असतो.

मेन बंद करूनही टकटक तशीच राहिली आणि ती घड्याळासारखी सेकंदाला एक किंवा त्याहून किंचित सावकाश असेल, तर ती झटका मशीन आहे. रोही आणि रानडुकरांपायी आता आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या वावराला तार लागली आहे, त्यामुळे हा त्रास पुण्या-मुंबईच्या हॅमना समजावून सांगावा लागतो. मशीन तारेत काही हजार व्होल्टचा क्षणभराचा ठोका सोडते. तार नीट असेल तर तो ठोका फारसा ऐकू येत नाही. आवाज येतो तो ठिणगीचा: फुटलेलं इन्सुलेटर, नुसती पीळ देऊन जोडलेली गंजकी तार, किंवा तारेला टेकलेलं ओलं गवत. ती जागा शोधायला महागडं यंत्र लागत नाही. सेलवर चालणारा मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर घ्या, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि मालकाला सोबत घेऊन धुऱ्याधुऱ्याने चाला. जिथे टकटक सगळ्यांत मोठी, तिथे ठिणगी. तारेला हात मात्र लावू नका, मशीन बंद आहे असं कुणी सांगितलं तरी. काही लोक झटका मशीनऐवजी सरळ लाईनचा करंट तारेत सोडतात. त्यात माणसं आणि जनावरं मेलेली आहेत. मशीन स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कोणत्याही तारेजवळ जात नाही.

शेतकऱ्याला हे काम करून हवंच असतं, कारण जिथे ठिणगी उडते तिथे त्याचा झटका जमिनीत वाया जातो आणि डुक्कर नेमकं तिथूनच आत येतं. माझ्या शेजाऱ्याच्या तारेवर एका सकाळी पाच जागा सापडल्या. इन्सुलेटर त्याने आणले, सांधे मी नट-बोल्टने आवळून दिले. त्या संध्याकाळी माझ्या मीटरचा काटा आठावरून चारावर आला.

आता अँटेना. ती किती उंच आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण खेड्यातले बहुतेक डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची तार) गोठ्याच्या टिनांवरून जेमतेम हातभर वर असतात. लांबीचं गणित सोपं आहे. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ ला एकूण २०.१ मीटर येतात, म्हणजे प्रत्येक बाजू १० मीटरच्या किंचित वर. सुरुवातीला दोन्ही बाजू वीतभर जास्त ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) पाहून कापत या. मधला भाग ९-१० मीटरवर आणि दोन्ही टोकं माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर, उलट्या व्हीसारखी. त्यासाठी लोखंडी टॉवर लागत नाही. दोन बांबू हातभर एकावर एक धरून बांधले आणि तीन बाजूंनी ताण दिला की खांब होतो. वर्षाने बांबू बदलायचा. टिनाच्या छपराच्या अगदी जवळ तार नेऊ नका, नाहीतर ट्यूनिंग ऋतूप्रमाणे बदलत राहतं. एवढ्या उंचीवरून तुमचा बराचसा सिग्नल सरळ वर जाऊन परत खाली येतो, आणि दिवसा नागपूर, हैदराबाद, पुणे या पट्ट्यासाठी तेच हवं असतं. उंची कमी म्हणून हळहळू नका. चार मीटरवरून नऊवर नेलं तरी तुम्हाला फरक जाणवेल.

कोअॅक्सबद्दल, म्हणजे सेटपासून अँटेनापर्यंतच्या केबलबद्दल थोडक्यात. आरजी ५८ ची ३० मीटर केबल ७ मेगाहर्ट्झला सव्वा डेसिबलच्या आसपास खाते, तेवढं चालतं. केबलवाल्याकडची टीव्हीची आरजी ६ केबलसुद्धा चालते. ती ७५ ओहमची आहे, त्यामुळे एसडब्ल्यूआर थोडा जास्त दिसेल, ६ वॉटच्या सेटला त्याने काही होत नाही. तिची जाळी मात्र अॅल्युमिनियमची असते आणि तिच्यावर कथील बसत नाही. तिथे सोल्डर चिकटवण्याचा हट्ट करू नका, स्क्रूने दाबून घ्या. आणि सांध्यावर आधी रबर टेप, वर पीव्हीसी टेप. उघडं तोंड राहिलं तर एका पावसात पाणी जाळीतून बरंच आत जातं आणि ती केबल मग फेकूनच द्यावी लागते.

सप्लायच्या बाबतीत मला जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण इथे माझा एक सेट गेला आहे. आपल्याकडे संध्याकाळी लाईन १७० वर उतरते आणि मध्यरात्री मोटारी बंद झाल्या की २५० च्या वर चढते. माझी सप्लाय घरी बनवलेली होती: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि २एन३०५५ ट्रान्झिस्टर. मे महिन्यात दुपारभर टिनाखाली तापून तो २एन३०५५ शॉर्ट झाला. हा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सप्लाय बंद पडत नाही, उलट आतला कच्चा व्होल्टेज सरळ बाहेर येतो. सेटवर २२ व्होल्ट गेले. आवाजाची एलएम ३८६ आयसी फुटली आणि तिच्यासोबत रिलेचा ट्रान्झिस्टर आणि एक कॅपॅसिटर गेले. पन्नास रुपयांच्या सुट्या भागांनी हे टळलं असतं. सप्लायच्या तोंडाशी एक फ्यूज, त्यापुढे १५ व्होल्टचा झेनर आणि एक एससीआर. व्होल्टेज १५ च्या वर गेला की एससीआर दोन्ही वायरी शॉर्ट करतो, फ्यूज उडतो, सेट वाचतो. त्यालाच समांतर एक १एन५४०८ डायोड उलटा जोडा, म्हणजे घाईत बॅटरी उलटी लागली तरी जाईल तो फ्यूजच. मी आता कोणताही सेट दुरुस्तीला घेतला की हे दोन भाग न विचारता बसवतो.

एलईडी पट्ट्यांसाठी बाजारात मिळणारा १२ व्होल्टचा एसएमपीएस तुम्ही वापरत असाल तर तो काढा. गोंगाटाचा अर्धा हिशेब कदाचित तिथेच मिटेल. मला विचाराल तर खेड्यात बॅटरीवरच सेट चालवावा आणि तुम्ही सेटवर नसताना ती चार्ज करावी. लेड-अॅसिड बॅटरी १२ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका. एवढं पाळलं तर फवारणीची बॅटरी दोन-तीन वर्षं साथ देते.

आता सरकणारी फ्रिक्वेन्सी. या सेटमध्ये १२ मेगाहर्ट्झचा आयएफ (आतली ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी) आहे आणि व्हीएफओ ४.९ च्या आसपास चालतो; १२ मधून तो वजा केला की ७.१ येतात. कॉइल आणि कॅपॅसिटर तापले की सहसा व्हीएफओ खाली सरकतो, आणि वजाबाकीमुळे तुमची फ्रिक्वेन्सी वर जाते. नेटवरचे लोक तुम्हाला ‘वर गेलात’ म्हणतात का, ते आठवून पाहा. तसं असेल तर दोष उष्णतेचाच आहे, कुठल्या तुटक्या सांध्याचा नाही. सांधा खराब असेल तर फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकत नाही, ती उडी मारते, आणि बोर्डावर पेन्सिलीने टिचकी मारली की पुन्हा उडी मारते. ती उडी दिसली तर व्हीएफओच्या भागातले सगळे सांधे भिंगातून पाहून नव्याने कथील द्या. ड्राय सोल्डर फिकट, दाणेदार दिसतं आणि पायाभोवती बारीक गोल चीर असते.

उष्णतेसाठी डिजिटल व्हीएफओ बसवा, तुमच्या सेटमधली मला पटणारी सुधारणा हीच आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी हा सेट उभा केला. पुढच्या बोर्डांसोबत त्यांनी राडुइनो नावाचा छोटा बोर्ड दिला. त्यावर आर्डुइनो नॅनो, १६ अक्षरांच्या दोन ओळींचा डिस्प्ले आणि एसआय ५३५१ ही फ्रिक्वेन्सी तयार करणारी चिप असते. या तिन्ही गोष्टी सुट्या मिळतात. चिपला क्रिस्टलचा आधार असल्याने ४५ डिग्रीच्या खोलीतही फ्रिक्वेन्सी काही दहा हर्ट्झच्या आतबाहेरच राहते. एसएसबीवर (या सेटच्या बोलण्याच्या पद्धतीत) बोलताना ते कुणाला कळतही नाही. जुन्या व्हीएफओची कॉइल मोकळी करा आणि चिपचा आऊटपुट लहान कॅपॅसिटरमधून पुढच्या बफरला द्या.

बसवताना दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं ७८०५ रेग्युलेटर. नॅनो आणि डिस्प्लेच्या दिव्याला मिळून ०.२ अँपिअर लागतात असं धरा. १३.८ मधून ५ गेले की ८.८ व्होल्ट, गुणिले ०.२, म्हणजे पावणेदोन वॉटची उष्णता. हिवाळ्यात तो उघडा चालतो, मे महिन्यात दर दहा मिनिटांनी डिस्प्ले विझतो आणि माणूस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. त्याला सेटच्या पत्र्यावर स्क्रूने आवळा. दुसरं, डिस्प्लेकडे जाणाऱ्या वायरींचा आवाज रिसीव्हरमध्ये येतो. वायरी आखूड ठेवा आणि हा सगळा बोर्ड तुपाच्या डब्याच्या पत्र्याची पेटी करून तिच्यात बंद करा. पत्र्याला कथील छान लागतं.

नवा व्हीएफओ येईपर्यंत एवढं करा: पीएचा, म्हणजे अँटेनाला पॉवर देणाऱ्या शेवटच्या ट्रान्झिस्टरचा हीट सिंक पेटीच्या बाहेर काढा, आणि पंखा लावला असेल तर त्याची हवा व्हीएफओवरून जाऊ देऊ नका. बदलत्या हवेने तो स्थिर गरमीपेक्षा जास्त सरकतो. सेट लावल्यावर वीस मिनिटं नुसतं ऐका, मग बोला.

या शेवटच्या ट्रान्झिस्टरबद्दल एक सूचना मी कळकळीने देतो. त्या आयआरएफ ५१० चा थ्रेशोल्ड (ज्या व्होल्टेजला तो चालू होतो तो) तापल्यावर खाली येतो, म्हणजे तोच बायस (त्याला कायम दिलेला व्होल्टेज) ठेवला तरी आयडल करंट (न बोलताही वाहणारा) वाढतो, करंट वाढला की तो आणखी तापतो. डिसेंबरच्या सकाळी १२ डिग्रीत लावलेला १०० मिलिअँपिअरचा बायस मे महिन्यात किती होतो ते मीटर लावून पाहा. बायस उन्हाळ्यात, दुपारी, सेट तापलेला असताना लावायचा. पीएच्या सप्लाय वायरीत मीटर घालून, माईकमध्ये न बोलता, ८० मिलिअँपिअर. हिवाळ्यात तो थोडा कमी भरेल, आवाजात ते कळत नाही. त्याचा धातूचा कान ड्रेनला जोडलेला असतो, म्हणून हीट सिंकवर बसवताना अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचा कॉलर हवाच. बसवून झाल्यावर मीटरने शॉर्ट तपासा, मगच सप्लाय द्या.

हे सगळं डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर करा. १ किलोओहमचे २ वॉटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम, ४० वॉट होतात. तार गुंडाळलेले रेझिस्टर घेऊ नका. ५० ओहमवर पीक व्होल्टेज मोजून त्याचा वर्ग करा आणि १०० ने भागा: २५ व्होल्ट आले तर सव्वासहा वॉट. हा आकडा वहीत तारखेसह लिहा. सहा महिन्यांनी तो ४ वॉटवर आलेला दिसला तर बिघाड सुरू झाल्याचं तुम्हाला लोकांनी सांगण्याआधी कळतं.

निगेचं शहरातल्या पुस्तकात नसतं ते सांगतो. वेचणीनंतर आपल्याकडे घरातच कापूस रचून ठेवतात. त्याचं बारीक तूस पंख्यातून आत जातं आणि हीट सिंकच्या पात्यांमध्ये गादीसारखं बसतं. वरून दिसत नाही. डिसेंबर ते मार्च महिन्यातून एकदा पेटी उघडून रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा बोर्डावर जातो. न वापरलेल्या सॉकेटमध्ये कुंभारीण मातीचं घर करते, त्याला टोपी लावा. मुंग्या आणि पाली रिलेच्या उबेला येतात, म्हणून पेटीच्या मोठ्या भोकांना आतून बारीक जाळी. रिले चावल्यासारखा आवाज करून कधी लागला, कधी नाही असं झालं तर घासपेपर वापरू नका, संपर्कावरचा मुलामा निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कोऱ्या कागदाची पट्टी संपर्कांच्या मधून ओढा.

पावसाळ्यात सेट रोज तासभर चालू ठेवणं ही सगळ्यांत चांगली निगा, आतली ऊब ओल बसू देत नाही. गावाला जाणार असाल तर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करा, पुन्हा निळे होतात. तो तवा मग स्वयंपाकाला वापरू नका. डांबरगोळ्या मात्र डब्यात टाकू नका. त्यांची वाफ पॉलिस्टायरिन प्लास्टिक मऊ करते आणि जुन्या व्हीएफओत नेमके त्याच प्लास्टिकचे कॅपॅसिटर सापडतात.

आभाळातल्या विजेचं वेगळं सांगायला नको, तुमच्याकडे वावरात माणसं दगावतात. तरी लिहितो: कोअॅक्स वापरून झाली की प्रत्येक वेळी काढायची, ढग असोत वा नसोत, आणि तिचं टोक खिडकीबाहेर, अर्थिंगच्या रॉडशी जोडलेल्या सॉकेटमध्ये लावून ठेवायचं. मार्च-एप्रिलचा अवकाळी पाऊस सांगून येत नाही. एप्रिलच्या कोरड्या धुळीच्या वाऱ्यातसुद्धा तारेवर स्थिर विद्युत जमते, म्हणून डायपोलच्या मध्यावर दोन बाजूंच्या मध्ये १०० किलोओहमचा एक रेझिस्टर कायमचा ठेवा. गडगडाट ऐकू आल्यावर केबल काढायला जाऊ नका. तेव्हा उशीर झालेला असतो, सेट गेला तर जाऊ द्या.

एवढं झाल्यावर पॉवर. तुमच्या बोर्डावर पीएची सप्लाय वेगळी दिलेली आहे. फवारणीच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून फक्त तिथे २४ व्होल्ट दिले, हीट सिंक तिप्पट केला आणि बायस नव्याने लावला तर २० वॉटच्या जवळ जाता येतं. बाकी बोर्डाला १२ च राहू द्या, चुकून २४ तिकडे गेले तर माझ्या सेटसारखी गत होईल. दिवाळीपर्यंत यावर बोलून पाहा. त्यानंतरही ५० वॉट हवेसे वाटले तर तुमच्या परवान्याचा दर्जा, रिस्ट्रिक्टेड की जनरल, आणि त्याची पॉवरची मर्यादा आधी पाहून घ्या. लिनिअरच्या पुढे लो-पास फिल्टर (सोबत निघणाऱ्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सी अडवणारा) लागेलच: ७.१ ची दुप्पट १४.२ आणि तिप्पट २१.३ आहे, दोन्ही ठिकाणी आपलेच लोक बोलत असतात. त्या फिल्टरसाठी लाल रंगाचे टी ५०-२ नव्हे, एक माप मोठे टी ६८-२ टोरॉइड (कॉइल गुंडाळायची कडी) मागवा. वेढ्यांचा हिशेब मी तुमच्या मोजलेल्या पॉवरचा आकडा आल्यावर करून देईन.